कृष्णाकाठी एका नोंदीच्या शोधात

दक्षिण महाराष्ट्रातील जैन व्यापारी घराण्यांत हिशेबाचे कागद जपण्याची रीत फार जुनी आहे. कीर्द, खतावणी, रोजमेळ, तांबड्या बासनात बांधलेल्या आजोबांच्या काळच्या वह्या असे पुष्कळ काही माळ्यावर सापडते. कोणत्या साली कोणत्या अडत्याकडे किती पोती गेली, हे दोन पिढ्यांनंतरही सांगता येते. मात्र त्याच घरात लग्नाचा दाखला कोठे आहे असे विचारले, तर माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. लग्न तर साऱ्या गावाने पाहिलेले असते. अक्षता टाकणारे शेकडो हात असतात. मग दाखल्याची गरज कधी भासावी? गावात राहणाऱ्याला ती सहसा भासत नाही. ती भासते घरातील कोणी सहकुटुंब परदेशी स्थायिक होण्यास निघाल्यावर. तेथील अधिकाऱ्याला ना ते गाव ठाऊक असते, ना तो मांडव.

माझ्या भाचीच्या घरी हा प्रसंग आला. तिचे सासर सांगलीचे. हळद आणि गुळाची अडत. तिचे थोरले दीर न्यू जर्सीत स्थायिक झालेले अमेरिकेचे नागरिक. भावंडांसाठी जो चौथा प्राधान्यवर्ग तेथील कायद्यात आहे, त्याखाली त्यांनी २००६ साली आपल्या धाकट्या भावासाठी अर्ज भरला. या वर्गात भारतीयांची रांग फार लांब आहे. ज्या वर्षी अर्ज भरला, त्या वर्षी भाचीची मुलगी पाळण्यात होती. पाळी जवळ आल्याचे पत्र आले, तेव्हा ती महाविद्यालयात शिकत होती आणि धाकटा मुलगा नववीत होता. या अर्जात मुख्य अर्जदार एकटा भाऊ असतो. त्याची पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले त्याच्या नात्याने बरोबर जाऊ शकतात. म्हणून कागदपत्रांच्या यादीत विवाहाचा दाखला येतो. तो नसेल तर अडते पत्नीचे जाणे. मुलांच्या जन्मदाखल्यांवर आई-बापांची नावे होती, परंतु ती नावे विवाहाचा पुरावा ठरत नाहीत.

दाखला होता, पण तो पाण्यात गेला होता.

सांगलीचे गावभाग, मारुती चौक, हरभट रोड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही. १९२९ साली बांधून झालेला आयर्विन पूल हे या शहराचे भूषण आहे आणि मोजपट्टीही. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना प्रकृती विचारावी तसे ‘आयर्विनला किती?’ असे विचारतात. येथे ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. २००५ चा पूर ज्यांनी भोगला होता, त्यांनी आपले सामान त्या खुणेच्या वर चढवले होते. नवे पाणी त्या खुणेच्याही वर आले. भाचीच्या घरात लोखंडी पेटी माळ्याखालच्या फळीवर होती. पाणी ओसरल्यावर ती उघडली, तेव्हा आत कागदांचा एक करडा लगदा होता. पंचनामा झाला, त्यात पोती, कपाटे, गाद्या यांची नोंद झाली. लग्नाच्या दाखल्याचा उल्लेख कोणी केला नाही. त्या दिवसांत घरात चूल कशी पेटवायची हाच विचार होता.

सांगलीहून थोड्याच अंतरावर हरिपूर आहे. कृष्णा आणि वारणा यांचा संगम येथे होतो. संगमेश्वराचे देऊळ, चिंचेची जुनी झाडे आणि घाटावरची शांतता यांसाठी लोक तेथे जातात. आम्हा व्यापाऱ्यांना हरिपूर आठवते ते पेवांसाठी. जमिनीच्या पोटात खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, तिला कीड लागत नसे. घरापेक्षा भूमी अधिक विश्वासू, अशी पिढ्यांची श्रद्धा होती. २००५ च्या पुराने पेवांत पाणी शिरले, हळद कुजली, आणि तेव्हापासून पेवांचा काळ ओसरत गेला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ती हळद बहुतांशी गोदामांत साठवली जात होती. एकाच ठिकाणी सारे ठेवू नये, हा धडा व्यापाऱ्याने मालाच्या बाबतीत हरिपुरात घेतला. कागदांच्या बाबतीत तो घ्यायचा राहून गेला.

दाखला नाही म्हटल्यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटले. एका मध्यस्थाने तर सोपा मार्ग सुचवला. दोघांनी आजच्या तारखेस नव्याने विवाह झाल्याचे दाखवावे, साक्षीदार तो आणून देईल, आठ दिवसांत प्रमाणपत्र हाती पडेल. जावईबापूंना वाटले, कागद तर सरकारी शिक्क्याचाच असणार. मग काय बिघडले? भाची मात्र गप्प बसली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मामा, या कागदावर माझी मुलं माझ्या लग्नाच्या आधीची ठरतील.”

तिने एका वाक्यात जे सांगितले, ते शास्त्रातही आहे आणि कायद्यातही आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत कूटलेखक्रिया हा एक. खोटा लेख करणे असा त्याचा अर्थ. श्रावकाच्या व्रतांत खोट्या कागदाला असे वेगळे नाव मिळाले आहे, हे व्यापारी समाजाने विसरू नये. अमेरिकेचा कायदाही येथे कठोर आहे. व्हिसासाठी जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिली असे ठरले, तर त्या व्यक्तीवर कायमच्या अपात्रतेचा ठपका येऊ शकतो. एकोणीस वर्षे ज्या रांगेत उभे राहिलो, ती आठ दिवसांच्या कागदासाठी पणाला लावण्यात कसला आला व्यवहार! मध्यस्थाला नमस्कार सांगितला आणि खऱ्या नोंदीचा शोध घ्यायचे ठरले.

येथे कायद्याची स्थिती थोडी स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्या समाजात तिच्याविषयी गैरसमज बरेच आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा नावाने हिंदू असला, तरी तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्या कायद्याच्या आठव्या कलमात नोंदणीची तरतूद आहे, आणि नोंद झाली नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणीचा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली वर-वधू, तीन साक्षीदार आणि विधी लावणारे पुरोहित यांच्या सह्यांचे ज्ञापन निबंधकाकडे द्यावे लागते; याला ‘नमुना ड’ म्हणतात. त्यावरून जे प्रमाणपत्र मिळते तो ‘नमुना इ’. प्रमाणपत्र घरी येते. मूळ नोंद आणि ज्ञापन कार्यालयात राहते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. याच न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दुसरी बाजूही सांगितली की, विवाहाचे विधी झालेच नसतील तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाही. विधीशिवाय दाखला पोकळ आहे, आणि दाखल्याशिवाय विधी दूरदेशी मुका आहे.

भाचीच्या लग्नाचे विधी तर माझ्या डोळ्यांसमोर झाले होते. २००३ चा वैशाख, तिच्या माहेरचे गाव, जिनमंदिरासमोरचा मांडव. मामा म्हणून तिला अंतरपाटाजवळ मीच आणून उभे केले होते. नोंदणी नंतर गावच्या ग्रामपंचायतीत झाली, एवढे सर्वांना आठवत होते. खटाटोप तिच्या वडिलांनी केला होता. ते आता नाहीत. दाखल्याचा क्रमांक, तारीख, यांतले काहीच कोणाजवळ लिहिलेले नव्हते.

म्हणून आम्ही तिघे शिरोळ तालुक्याकडे निघालो. सांगलीहून कोल्हापूरकडे जाताना अंकलीच्या पुलावर कृष्णा ओलांडावी लागते. पूल ओलांडला की जयसिंगपूर लागते. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेले हे आखीव रस्त्यांचे व्यापारी गाव. पुढे उसाची शेते दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकू लागतात. या तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा भेटतात; नृसिंहवाडीचा घाट पावसाळ्यात पाण्याखाली जातो. याच मुलखात नांदणीचा जिनसेन मठ आहे, खिद्रापूरला कोपेश्वराबरोबर प्राचीन जिनमंदिरही आहे, आणि गावोगावी बस्ती आहे. मंदिराला बस्ती म्हणणारा, शेती आणि व्यापार एकाच उंबऱ्यावर करणारा आपला समाज येथे शतकानुशतके नांदतो आहे. पहाटे अभिषेकाची घंटा आणि रात्री साखर कारखान्याचा भोंगा, या दोन आवाजांत येथला दिवस बसतो.

ग्रामपंचायतीच्या ग्रामसेविका कामसू आणि मितभाषी होत्या. ग्रामपंचायत क्षेत्रात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असतो, आणि विवाहाचा दाखला देणे ही २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येणारी सेवा आहे, हे त्यांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले. २००३ ची नोंदवही त्यांनी काढली. वैशाखानंतरची पाने एकेक करून पाहिली. भाचीचे नाव कोठेच नव्हते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“नोंद त्याच वर्षी झाली असेल असे नाही,” बाई म्हणाल्या. “वहीत क्रम नोंदणीच्या तारखेचा असतो, लग्नाच्या तारखेचा नव्हे. पुढच्या वर्षांच्या वह्याही आहेत, पण त्या पुरात भिजल्या होत्या. पाने एकमेकांना चिकटली आहेत. सगळ्याच उलगडत बसले तर फाटतील. वर्ष आणि महिना यांची खात्री करून या. मग तेवढाच भाग जपून उघडू.”

त्यांचे म्हणणे रास्त होते. त्या वह्यांत आमचीच एक नोंद नव्हती. साऱ्या गावाचे संसार त्यांत होते.

परतताना भाची खिडकीबाहेर पाहत होती. उसाने भरलेल्या बैलगाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. ती एकाएकी म्हणाली, “त्या दिवशीही अशाच गाड्या होत्या. सही करून बाहेर आलो तर रस्ता अडलेला. बाबांनी गाडीतून ऊस मागून घेतला होता.” लग्न वैशाखातले आणि गाळप तर दिवाळीनंतरचे. म्हणजे नोंदणी निदान सहा-सात महिन्यांनी झाली असली पाहिजे. इतके कळले, तरी महिना कळला नव्हता. मग मला उपाध्ये आठवले. ‘नमुना ड’वर पुरोहिताची सही लागते, ती त्यांचीच असणार. वयोमानामुळे ते आता मुलाकडे बाहुबलीजवळ राहत होते.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्यावरून कुंभोजकडे गेलो. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म ज्या गावी १८८७ साली झाला, ते हे कुंभोज. जवळच्या डोंगराच्या पायथ्याशी समंतभद्र महाराजांनी उभारलेला गुरुकुलाचा परिसर आहे, आणि १९६३ साली प्रतिष्ठापना झालेली बाहुबलींची २८ फुटांची संगमरवरी मूर्ती. डोंगरावर श्वेतांबर समाजाचे पार्श्वनाथ मंदिरही आहे. दोन्ही परंपरांचे यात्रेकरू एकाच पायथ्याशी चहा घेताना येथे दिसतात. मूर्तीसमोर उभे राहिले की पायांभोवती चढलेल्या वेलींकडे लक्ष जाते. सर्व सोडून उभ्या राहिलेल्या त्या महापुरुषासमोर एक सरकारी कागद मागायला आल्याचा संकोच मला वाटला. भाचीला तो वाटला नाही. तिने डोळे मिटून हात जोडले, आणि बाहेर आल्यावर मुलांना फोन लावून दर्शन झाल्याचे सांगितले.

उपाध्ये ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांना कमी दिसते, कान शाबूत. भाचीला त्यांनी आवाजावरून ओळखले, माहेरच्या नावाने हाक मारली आणि वडिलांविषयी दोन शब्द बोलले. आमचे काम ऐकून ते म्हणाले, “माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही, बाळ. वहीचा आहे. वही काढा.”

मुलाने कपाटातून लांबट वह्यांचा गठ्ठा आणला. व्यापाऱ्याच्या रोजमेळासारखीच ती वही होती. तिथी, गाव, वधूचे व वराचे घर, विधी, दक्षिणा. वैशाखातले लग्न लगेच सापडले. नंतर पाने उलटता उलटता माघ महिन्यात गावाचे नाव पुन्हा आले. समोर एकच ओळ होती, लग्नाच्या सरकारी कागदावर सही, येणे-जाणे, दक्षिणा घेतली नाही. माघ म्हणजे २००४ चा जानेवारी-फेब्रुवारी. भाचीच्या उसाच्या गाड्यांशी ते जुळत होते.

उपाध्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अशा कामासाठी त्यांच्याकडे येणारे आम्ही पहिले नव्हतो. एका घराने लग्नाची नोंद कधी केलीच नव्हती. त्यांनी लग्नाची खरी तारीख लिहून, विलंबाचे शुल्क भरून, आज नोंदणी करून घेतली होती, आणि त्यासाठी हयात साक्षीदारांबरोबर उपाध्यांनीही सही केली होती. हा मार्ग मध्यस्थाने सुचवलेल्या मार्गाहून अगदी वेगळा आहे, हे लक्षात घ्यावे. प्रमाणपत्रावर विवाहाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात. नोंदणी उशिरा झाली तर त्यात लपवण्यासारखे काही नाही. विवाहाची तारीख बदलली, तर मात्र तो कूटलेख होतो.

मूळ नोंदच नष्ट झाली असती तर काय, असा प्रश्न त्या रात्री जावईबापूंनी केला. अमेरिकेच्या नियमांत त्याचेही उत्तर आहे. प्रथम संबंधित कार्यालयाकडून नोंद उपलब्ध नसल्याचे लेखी घ्यावे लागते. मग दुय्यम पुरावा द्यायचा. त्यात धार्मिक संस्थेच्या नोंदीसारखी त्या काळची कागदपत्रे येतात. तीही नसतील तर, ज्यांना प्रसंगाची प्रत्यक्ष माहिती आहे आणि जे स्वतः अर्जाचे पक्षकार नाहीत, अशा दोन किंवा अधिक व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे चालू शकतात. मामा त्यासाठीच असतो, असे मी हसत म्हणालो. परंतु मनात हिशेब झालाच. त्या मांडवातील वडीलधाऱ्यांपैकी किती जण उरले आहेत? माझे वय काय? साक्षीदार हा पुरावा खरा, पण त्याला आयुष्याची मुदत असते. पुढच्या पिढीला हे काम पडले, तर अंतरपाटाजवळ उभे असलेले कोणीही सांगायला नसेल.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ग्रामपंचायत. ग्रामसेविकांनी २००४ ची वही टेबलावर कोरड्या फडक्यावर ठेवली. एक पातळ पट्टी घेऊन त्या माघातल्या पानांच्या कडा सोडवू लागल्या. अर्धा तास कोणी बोलले नाही. एक पान कोपऱ्यात फाटले. त्यावर आमची नोंद नव्हती, तरी बाईंनी हात थांबवला आणि तो तुकडा जागच्या जागी बसवून मगच पुढे गेल्या. त्यानंतरच्या चौथ्या पानावर नोंद होती. शिक्क्याची जांभळी शाई पसरून तिचा डाग झाला होता, पण बॉलपेनची अक्षरे टिकली होती. ज्ञापनाच्या फाइलमध्ये तीन साक्षीदारांच्या सह्यांपैकी पहिली तिच्या वडिलांची. ते सही करताना आडनावाखाली दोन रेघा मारीत. त्या रेघाही होत्या.

भाचीने त्या सहीवर बोट ठेवले नाही. कागद ओला होता म्हणून असेल. ती नुसती पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “मॅडम, याचीही नक्कल मिळेल का?”

मिळाली. दाखल्याच्या प्रमाणित प्रती घेतल्या, ज्ञापनाचीही साक्षांकित नक्कल घेतली. दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असल्यामुळे भाषांतराचा प्रश्न उरला नाही. मात्र दुसराच एक प्रश्न निघाला. आपल्याकडे लग्नानंतर तांदळात नवे नाव लिहून ते वधूला देण्याची रीत आहे. नोंदवहीत तिचे माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे. ज्याला गाव ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने या दोन स्त्रिया. तांदूळ तर त्याच दिवशी ताटातून परत डब्यात गेले! त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधला, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले आणि राजपत्रात नाव बदलाची प्रसिद्धी केली. जी घरे आज लग्न करीत आहेत, त्यांनी नाव बदलणार असल्यास त्याची कागदोपत्री व्यवस्था त्याच वर्षी करावी.

आणखी एक खुलासा करतो, कारण तो अनेक जण विचारतात. आपले सरकारी कागद परदेशी मान्य व्हावेत म्हणून अपोस्टिल नावाचा शिक्का घेतात. १९६१ च्या हेग कराराची ही पद्धत भारतात जुलै २००५ पासून लागू आहे. कॅनडात ती जानेवारी २०२४ पासून आली. अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी तो शिक्का मागितला जात नाही. ज्या देशात जायचे त्या देशाच्या यादीत काय लिहिले आहे ते आधी वाचावे. शेजाऱ्याने दुसऱ्या देशासाठी केलेला खर्च आपल्याला लागू पडेलच असे नाही.

कागद संगणकावरून पाठवले गेले. पुढे मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत, मूळ कागद दाखवून मुलाखत द्यावी लागते. ती तारीख अजून यायची आहे. व्हिसा मिळेल की नाही, हे येथे लिहिता येणार नाही. पण जावईबापूंचे नाव एकट्याचे जाईल आणि बाकीची तिघे मागे राहतील, ही भीती आता त्या घरात नाही. धाकटा मुलगा मध्यंतरी आईला म्हणाला होता की, मी इथेच मामा-आजोबांकडे राहीन, तुम्ही जा. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. मुलांना न सांगताच कळते. आता तो न्यू जर्सीच्या नकाशात जिनमंदिर घरापासून किती लांब आहे ते मोजत बसतो.

दिवाळीला, भगवान महावीरांच्या निर्वाणोत्सवानंतर, आपण दुकानात वहीपूजन करतो. नव्या वहीवर हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर शुभ चिन्ह काढतो. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, यंदा त्या वह्यांशेजारी घराचीही एक वही ठेवावी. घरातील प्रत्येक लग्नाची तारीख, गाव, नोंदणीचे कार्यालय, नोंदणीचा क्रमांक व तारीख, पुरोहितांचे आणि साक्षीदारांचे नाव तीत लिहावे. दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती आजच घ्याव्यात, कारण नोंद सुस्थितीत असताना प्रत मिळवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. नोंदच झालेली नसेल, तर साक्षीदार हयात आहेत तोवर खऱ्या तारखेनिशी ती करून घ्यावी.

भाचीने तिच्या दाखल्याच्या चार प्रती घेतल्या आहेत. एक सांगलीत वरच्या मजल्यावर, एक माझ्याकडे इचलकरंजीत, एक दिरांकडे न्यू जर्सीत. चौथी तिने बाहुबलीला उपाध्यांकडे नेऊन दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली, मुलाला वही काढायला लावली, आणि त्या माघाच्या पानात नीट घडी करून ठेवून दिली.